सतरा आकड्यांशी दोन हात

उमेदीची सगळी वर्षं सोलापुरात गणित शिकवण्यात गेली. आधी शाळेत, आणि निवृत्तीनंतर भवानी पेठेतल्या एका घराच्या माडीवर. खाली यंत्रमागांचा खडखडाट, वर आमचा वर्ग. मुलं बहुतेक मागावर काम करणाऱ्यांची. घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि भांडणात दोन्ही. या मुलांपुढे नाना तऱ्हेची गणितं ठेवली, पण एक संख्या काही जुनी झाली नाही.

१२३४५६७८९८७६५४३२१.

तिच्याशी झटताना मुलांच्या आणि माझ्या पदरात जे पडलं, ते इथं मांडतो.

१. मोठी संख्या आधी वाचता आली पाहिजे.

सतरा आकडे एका ओळीत दिसले की मुलं कोटीपर्यंत येतात आणि तिथं गाडी थांबते. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने टाकले तर ती अशी दिसते: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. त्या हिशेबाने आपल्या संख्येचा डावीकडचा पहिला १ 'मध्य' नावाच्या घरात बसतो. पुढचं घर परार्धाचं.

नावं पाठ झाली तरी आकार ध्यानात येत नाही, म्हणून मी मुलांना दर सेकंदाला एक याप्रमाणे मोजायला सांगतो. न झोपता, न जेवता इथवर पोचायला सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. डायनासोरांचा पत्ताही नव्हता तेव्हा सुरुवात केली असती, तर आज कुठे शेवट आला असता. एवढी मोठी संख्या वहीच्या अर्ध्या ओळीत मावते, यात दशमान पद्धतीचं सगळं कौतुक आलं.

२. गुणाकार हातानेच मांडावा.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा, नऊ एकांचा, वर्ग. कॅल्क्युलेटर हे सांगत नाही. साध्या आठ आकडी कॅल्क्युलेटरात नऊ एक बसतच नाहीत. बारा आकडी दुकानी यंत्र गुणाकाराला 'ई' दाखवून हात वर करतं.

म्हणून चौकटीची वही घ्यायची. एका चौकटीत एक आकडा. नऊ एकांना नऊ एकांनी गुणायचं म्हणजे नऊ ओळी, प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. कागदावर एक तिरका पट्टा तयार होतो. आता उभ्या बेरजा करायच्या. उजवीकडच्या टोकाच्या स्तंभात एकच १ आहे, त्याच्या शेजारी दोन, मग तीन. मधोमध नऊ. तिथून पुन्हा आठ, सात, सहा, असं डावीकडच्या टोकाला परत एकच. एकाही स्तंभाची बेरीज नऊच्या वर जात नाही, त्यामुळे हातचा कुठेच येत नाही आणि बेरजा जशाच्या तशा खाली उतरतात.

चादरीच्या किनारीची नक्षी जशी मधल्या धाग्यापासून दोन्हीकडे सारखीच उलगडत जाते, तशी ही संख्या. हे मी सांगायच्या आधी मुलंच म्हणाली. जकार्डच्या मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे एकामागून एक सरकताना त्यांनी रोज पाहिलेले असतात.

३. नक्षी दिसली की ती कुठे विस्कटते ते शोधावं.

दोन एकांचा वर्ग १२१, तीन एकांचा १२३२१, चार एकांचा १२३४३२१. नऊपर्यंत हे चालतं. वर्गात लगेच कुणीतरी विचारतं, "दहा घेतले तर?" पाटीवर मांडायला लावतो. मधला स्तंभ दहाचा होतो, हातचा येतो आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या दोन शून्यांनी सगळी घडी विस्कटली.

"सर, ह्यात पहिल्या अर्ध्यात आठ कुठं गेला ओ?"

आठ कुठेच गेलेला नाही. दहाचा हातचा शेजारच्या नवावर पडला, नवाचे दहा झाले, त्याचा हातचा आठावर पडला आणि आठाचा नऊ झाला. १ ला ८१ ने भागलं तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असं उत्तर येतं. तिथला आठही याच वाटेने नाहीसा होतो. हे एकदा हाताने केलं की 'गूढ संख्या' वगैरे सांगणाऱ्या पुस्तकांचं मुलांना फारसं काही वाटत नाही.

यातलं एक बारीक सांगण्यासारखं आहे. ही मोडतोड नऊ एकांपुढे होते, कारण आपण दहाच्या पायात लिहितो. बाराच्या पायात लिहिणारे लोक असते तर त्यांची नक्षी अकरा एकांपर्यंत टिकली असती. नक्षी टिकण्याचं मूळ हातचा न येण्यात आहे, आणि हातचा कधी यायचा हे आपण किती खुणांनी लिहितो त्यावर ठरतं.

४. नुसतं बघत बसू नये, फोडावी.

कुठल्याही पूर्ण संख्येचा खरा स्वभाव तिच्या मूळ अवयवांत असतो. सतरा आकडे फोडायचे म्हटल्यावर मुलं घाबरतात, पण तो वर्ग आहे हे ठाऊक असल्याने नऊ एक फोडले की काम झालं.

नऊ एकांचे तीन-तीनांचे गट पाडा: १११ १११ १११. म्हणजे १११ × १००१००१. यातला १११ = ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून त्यालाही ३ ने भाग जातो: ३ × ३३३६६७. तेव्हा

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

आणि आपली सतरा आकडी संख्या म्हणजे चार वेळा ३, दोन वेळा ३७, दोन वेळा ३३३६६७. एवढ्या अवाढव्य संख्येचे मूळ अवयव फक्त तीन. विभाजक किती? घातांकांत एकेक मिळवून गुणायचं: ५ × ३ × ३ = ४५. विषम आले, कारण ती वर्गसंख्या आहे. बाकीच्या विभाजकांच्या जोड्या लागतात, पण नऊ एकांची जोडी स्वतःशीच लागते.

या फोडीतून एक खेळही निघतो. ३३३६६७ ची तिप्पट १००१००१. म्हणून कुठल्याही तीन आकडी संख्येला आधी ३ ने आणि मग ३३३६६७ ने गुणलं की ती तीनदा ओळीने उभी राहते. सोलापूरच्या पिनकोडातले पहिले तीन आकडे घ्या, ४१३. तिप्पट १२३९. त्याला ३३३६६७ ने गुणा: ४१३४१३४१३. लग्नकार्यात पाहुण्यांच्या मुलांना गप्प बसवायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

५. भागाकार करण्याआधी विचार करावा. बोटं दुखत नाहीत.

३३३६६७ आणखी फुटतो का? नेहमीची रीत अशी की वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या अविभाज्य संख्यांनी भागून पाहायचं. वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे, आणि ५७७ पर्यंत अविभाज्य संख्या आहेत १०६. एवढे भागाकार नववीतल्या मुलाला सांगितले तर दुसऱ्या दिवशी तो येणार नाही.

इथं सतराव्या शतकातला फ्रेंच न्यायाधीश फर्मा मदतीला येतो. समजा एखादी अविभाज्य संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती नऊ नवांनाही भागते, म्हणजे १०, १००, १००० अशा दहाच्या घातांना तिने भागत गेलं की बाक्या नवव्या पायरीला १ वर येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. हे चक्र नवाहून लहान, तीनाचं किंवा एकाचं, असेल तर ती संख्या ३ किंवा ३७ असली पाहिजे. त्या दोन्ही इथं लागू पडत नाहीत, भागून पाहा. आता फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की हे चक्र त्या अविभाज्य संख्येपेक्षा एकाने लहान असलेल्या संख्येत पुरतं बसलंच पाहिजे. तेव्हा त्या एक-कमी संख्येला ९ ने भाग जातो. ती सम असते, म्हणून १८ नेही जातो. थोडक्यात, १८ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या अविभाज्य संख्याच तपासायच्या.

५७७ पर्यंत अशा आहेत १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. सतराच. १०६ चं काम सतरावर आलं. मुलांना वाटून दिलं तर दहा मिनिटांत फळा भरतो. कुणाचाच भाग जात नाही. ३३३६६७ अविभाज्य आहे.

मला विचाराल तर या संख्येतला सगळ्यात सुंदर भाग हाच. नक्षी डोळ्यांना दिसते. ही काटकसर मात्र डोकं लावल्याशिवाय सापडत नाही.

६. काप्रेकरांना हसण्याआधी त्यांच्यासारखं एक पान लिहून पाहावं.

दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर. जन्म १९०५, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढे मुंबई विद्यापीठाची पदवी, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी. पदव्युत्तर शिक्षण नाही, हाताशी विद्यापीठ नाही. आकड्यांवर लिहिलेल्या पुस्तिका बऱ्याचदा पदरमोड करून छापल्या.

आपली सतरा आकडी संख्या त्यांच्या घरातली. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे उरतो १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज करा: ९९९९९९९९. मधल्या आकड्याचीच रांग. १२३२१ घ्या: १२ आणि २१ मिळून ३३, मध्ये ३. अशा संख्यांना काप्रेकरांनी 'डेमलो' म्हटलं. तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनाचं हे नाव. तिथं त्यांना ही कल्पना सुचली. गाडीची वाट बघत लोक काय काय करतात! 

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' नाव दिलं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिच्यात ३ चार वेळा आहे, म्हणजे ८१ ने भाग जाणारच. उत्तर येतं १५२४१५७८९९७१०४१, आणि ते पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग. हर्षदही झाली, डेमलोही झाली.

जगात त्यांचं नाव झालं ते ६१७४ मुळे. चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, आणि हेच करत राहा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच. ही गोष्ट त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'च्या मार्च १९७५ च्या अंकात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा काप्रेकर सत्तरीला आले होते.

त्याआधी आपल्याकडच्या काही गणितज्ञांनी हे सगळं पोरखेळ म्हणून बाजूला सारलं होतं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही. ४५ विभाजक असणं हा त्या संख्येचा स्वतःचा गुण. आपल्याला हाताची आठच बोटं असती आणि आपण आठाच्या पायात लिहीत असतो, तरी ते ४५ च राहिले असते. हर्षद असणं, डेमलो असणं हे मात्र दहाच्या पायात लिहिण्याने आलेलं रूप आहे. दोन्हींत फरक करता आला पाहिजे. पण मागाच्या खडखडाटात बसलेल्या, खिशात पैसे नसलेल्या पोराला प्रयोगशाळा म्हणून वही आणि दहा अंक पुरतात, हे काप्रेकरांनी जितकं स्वच्छ दाखवलं तितकं त्यांना हसणाऱ्यांपैकी कुणी दाखवलं नाही.

७. योगायोगाला गुणधर्म म्हणू नये.

हे शिकवायला सोलापूरचेच आकडे वापरतो. आमचा मुख्य पोस्टाचा पिन ४१३००१. अंकांची बेरीज ९, आणि ९ ने भाग जातो: ४५८८९. सोलापूर हर्षद! वर्गात टाळ्या. मग ४१३००२ पासून ४१३००८ पर्यंत सगळे तपासायला लावतो. ४१३००४ ला १२ ने भाग जातो, ४१३००८ ला १६ ने. बाकीचे पाच नापास. आता टाळ्या जरा कमी होतात.

पुढे फोनचा कोड ०२१७. २१७ म्हणजे ७ × ३१. आणि ४१३ म्हणजे ७ × ५९. दोन्हींत सात! सातवीतल्या एका हुशार मुलीने ताबडतोब सप्तर्षींपर्यंत मजल मारली. तिला म्हटलं, दर सातवी संख्या सातने भागली जाते; कुठल्याही दोन संख्या उचलल्या तर दोन्हींना ७ ने भाग जाण्याची शक्यता एकोणपन्नासात एक. एवढं तर रोज कुठे ना कुठे घडत असतं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी ते आखताना पहिल्या अंकाने विभाग धरला, पुढच्यांनी उपविभाग आणि जिल्हा. सोलापूरला सात द्यावा असं काही त्यांच्या मनात नव्हतं.

काप्रेकरांचं जन्मवर्ष १९०५ त्यांच्याच यंत्रात घालून पाहा: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोबर सात पायऱ्या, म्हणजे लागू शकतात तेवढ्या सगळ्या. मजा आहे. पण प्रमेय एवढंच की सातच्या वर जात नाही; १९०५ ला सातच लागल्या, हा योगायोग.

८. पडद्यावर दिसतं ते सगळं खरं धरू नये.

आपली संख्या एक्सेलच्या चौकटीत टाका आणि एंटर दाबा. वरच्या फॉर्म्युला बारमध्ये दिसतं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे २१ गेले आणि तिथं दोन शून्यं आली. एक्सेल पंधराच आकडे जपतो, पुढच्यांच्या जागी शून्य घालतो, आणि हे करताना हूं की चूं करत नाही.

हे माडीवरच्या वर्गापुरतं राहत नाही. चाटी गल्लीत कापडाच्या दुकानांतली हिशेबाची पोरं सोळा आकडी कार्डाचे नंबर अशाच चौकटींत भरतात आणि शेवटचा आकडा शून्य होऊन बसतो. उपाय सोपा: आकडे टाकण्याआधी तो स्तंभ 'टेक्स्ट' करून घ्यायचा, म्हणजे संगणक त्याला संख्या न मानता नुसती अक्षरं मानतो. बेरीज करायचीच नसेल तर त्याला संख्या मानायचं कारणही नाही.

जुन्या दिवाणजींकडे नवाचा ताळा होता. आकड्यांची बेरीज करत एका अंकावर यायचं आणि दोन्ही बाजू जुळतात का पाहायचं. वरच्या एक्सेलच्या उत्तराला तो लावला तर अंकांची बेरीज ८१ ऐवजी ७८ येते, आणि चोरी पकडली जाते. पण २१ च्या जागी १२ लिहिलं तर ताळा आंधळा. बेरीज तीच राहते. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा अशी अदलाबदलसुद्धा पकडण्यासाठीच लावलेला आहे. ती रीत व्हेरहूफ या डच गणितज्ञाची, आणि ताळ्याच्या पुढची.

९. सगळे एक सारखे नसतात.

नऊ एक फुटले कारण नऊच फुटतात: तीन त्रिक नऊ, म्हणून १११ ने भाग गेला. यावरून मुलं अंदाज बांधतात की एकांची संख्या अविभाज्य असेल तर ती संख्याही अविभाज्य निघावी. अंदाज चांगला आहे, पण टिकत नाही. ११ अविभाज्य आहे, १११ नाही, पाच एक म्हणजे ४१ × २७१, सात एक म्हणजे २३९ × ४६४९. पुढची अविभाज्य थेट एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची, आणि त्यानंतर एकदम ३१७ एकांची. ३१७ ची सिद्धता १९७७ साली झाली. अशा संख्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे आजही कुणालाच ठाऊक नाही.

मे महिन्यात सोलापूर चाळिशीच्या वर तापतं, वर्ग बंद असतो, तेव्हा मोठ्या मुलांना अकरा एक फोडायला देतो. तेही फुटतात. दोनच मूळ भाग पडतात, एक पाच आकडी आणि एक सहा आकडी. सूचना एकच: पाचव्या मुद्द्यातली वाट धरा, फक्त इथं १८ च्या जागी २२ घ्या. उत्तर मागायला माडीवर येऊ नये. गुणाकार करून अकरा एक आले की ते आपलं आपल्याला कळतं.